चार नंबरच्या कलमाचं पान

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई यांना शि. सा. न.

गेल्या आठवड्यात छोटी गणिताचा पेपर घेऊन शाळेतून आली. २० पैकी १४. पेपर हातात घ्यायच्या आधीच मी विचारलं, "वर्गात सगळ्यात जास्त किती?" तिने पेपरची घडी केली आणि दप्तरात परत ठेवला. बाबा, तो प्रश्न मी आपल्या ओटीवर ऐकलेला होता. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही पहिलं विचारलंत, "मावशीच्या मुलीला किती?"

रागाने लिहीत नाही. आंब्याच्या भरवशावर दोन मुलांना शिकवायचं होतं, तुमची धास्ती मला आता कळते. पण तो प्रश्न माझ्यासोबत पुण्याला आला. परवा पगारवाढीचं पत्र मिळालं, दुपारी डबा खाईपर्यंत मी आनंदात होते. मग शेजारच्या टेबलावरचा आकडा कळला आणि दिवस कडू झाला. माझ्या पत्रातला रुपयाही कमी झाला नव्हता.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की माणूस स्वतःला ताडून पाहतो ते आपल्यासारख्यांशीच; अंतर फार असलं की तुलना सुटते. अगदी खरं आहे. कुठल्या उद्योगपतीच्या बंगल्याने माझी झोप कधी गेली नाही. मावशीच्या मुलीच्या वास्तुशांतीला मात्र घास उतरेना. आई, तू विचारलंस तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणाले. ते खोटं होतं.

दिवाळीत कपाट आवरताना बाबांची बागेची वही हाती लागली. प्रत्येक कलमाला नंबर, नंबराला पान. मोहर कधी आला, तुडतुडे पडले का, फवारणी कधी, पेट्या किती. चार नंबरला एका वर्षी पाच पेट्या, पुढच्या वर्षी एक. त्या एकापुढे तुम्ही लिहिलंय, "पालवीचं वर्ष. गेल्या साली भरपूर धरलं होतं." बस, एवढंच. सात नंबरपेक्षा कमी, असं कुठेही नाही. हापूस वर्षाआड भरतो, फळांत ताकद गेली की झाड आधी पालवी काढतं, कोवळ्या पालवीवर मोहर येत नाही, हे मला लहानपणी तुम्हीच दाखवलं होतं. काही कलमांना दरवर्षी मोहर यावा म्हणून कल्टारचं औषध घातलंत, पण जुन्या झाडांना कधी घाई केली नाहीत.

त्या वहीपुढे मी बराच वेळ बसून होते. कलमांना तुम्ही शेजारच्या बागेशी तोललं नाहीत, मला तोललंत. हे लिहिताना हात अडखळतो, पण तुमच्यापासून लपवायचं नाही.

छोटीच्या जन्मानंतर तीन वर्षं मी घरी होते. ती वर्षं मी मागे पडल्याची म्हणूनच धरली होती. आता माझीही एक वही आहे. महिन्याला चार ओळी: गेल्या वर्षी काय जमत नव्हतं, आज काय जमतं. सुरुवातीला दुसऱ्यांचे आकडे आपोआप उतरायचे, ते खोडत गेले. अजून सगळं गेलेलं नाही. शाळेच्या ग्रुपवर कुणाचं नवं घर दिसलं की पोटात कालवतं, पण पूर्वी आठवडा जायचा, आता संध्याकाळपर्यंत निवळतं.

तो पेपर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी छोटीला विचारलं, कुठलं गणित सोडवताना मजा आली? तिने घडी उलगडली आणि सहावं गणित मला पुन्हा सोडवून दाखवलं.

बाबा, मे महिन्यात आम्ही येतोय. एकच मागणं आहे. तिला इतरांचे मार्क विचारू नका. आंबे उतरवायचा झेला घेऊन तिला चार नंबरखाली न्या, आंबे मोजू द्या आणि यंदाचं पान तिच्या हातून लिहून घ्या.

मोहर कसा आहे ते कळवा. आई, गुडघ्याचं तू स्वतः लिही, बाबा नेहमी "बरं आहे" लिहितात.

तुमची,
बाय