गुरुवारच्या फोनवर कोणी बसायचं?

लंडन

प्रिय शुभा,

तुझ्या दिवाळीच्या मेसेजला नुसता अंगठा दाखवून गप्प बसले, त्याच्या शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आईचं ठीक आहे, माझी शुगर आहे तिथेच आहे, गुडघ्याबद्दल विचारू नकोस.

एक पेच पडलाय, आणि तो इथे कुणाला सांगायचा तर आधी अर्धा तास आपलं येरवड्याच्या वस्तीतलं काम समजावून सांगावं लागेल. म्हणून तू.

हॅकनीतला तो गट तुला माहीत आहे. आफ्रिकन आणि कॅरिबियन बायकांचा, घरात मार खाणाऱ्या त्यांच्याच समाजातल्या बायकांसाठी चालवलेला, सगळ्या बिनपगारी. माझं काम आजवर पडद्यामागचं: पिशव्या भरणं, अर्ज लिहिणं, ड्युट्यांचा तक्ता लावणं. आता आंटी म्हणतात (सगळ्या त्यांना आंटीच म्हणतात, वयाने माझ्याएवढ्याच असतील), गुरुवारी रात्री मदत मागणाऱ्या बायकांचे फोन येतात, त्यावर बस. आणि मी ‘बघते’ म्हणून टोलवते आहे.

हा फोन मुळात वेगळा का, ते तुला एका ओळीत कळेल. व्हॅलरी फोर्ड. पूर्वीच्या जोडीदाराने घर पेटवून द्यायची धमकी दिली, तिने पोलिसांना कळवलं, नोंद झाली ती मालमत्तेला धोका अशी. मार्च 2014 मध्ये त्याने तिचा आणि दोन वर्षांचीही न झालेल्या तिच्या लेकीचा, जहझाराचा जीव घेतला. आठवला ना आपला ‘स्टोव्हचा भडका’? व्हॅलरीच्या खुनानंतरच 2015 मध्ये हॅकनीत सिस्टा स्पेस ही संस्था उभी राहिली. कृष्णवर्णीय बायकांबाबत पोलिसांना सक्तीचं प्रशिक्षण द्या म्हणून लाखावर सह्या झाल्या, 2022 मध्ये संसदेत चर्चा झाली, कायदा काही झाला नाही. आमचा गट त्यांचा नव्हे, फार लहान आहे, पण दुखणं तेच.

म्हणजे काय, तर मुका मार घे. सावळ्या-काळ्या कातडीवर तो पहिल्या दिवशी दिसतच नाही. पोलीस टॉर्च मारतो आणि ‘खूण नाही’ लिहून मोकळा होतो. म्हणून आमच्याकडे फोटो काढायची पद्धत ठरलेली आहे. फ्लॅश बंद, कारण चमक कातडीवर पसरते आणि सूज सपाट दिसते. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, उजेड बाजूने पडेल असं तिला बसवायचं, मग उंचवट्याची सावली पडते. आधी चेहऱ्यासकट पूर्ण फोटो, मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा, कारण रंग तोवर वर येतो, आणि येतो तो निळा नाही, आजूबाजूच्या कातडीपेक्षा गडद किंवा जांभळट. फोटोत न येणारं कागदावरच्या शरीराच्या आकृतीवर लिहायचं: सूज, हाताला गरम, दाबल्यावर दुखतं. आणि हे तिच्या फोनमध्ये ठेवायचं नाही, कारण तिथले फोटो आपोआप घरातल्या टॅबवर जातात आणि टॅब असतो पोराच्या हातात.

गळा दाबला असेल तर बहुतेक वेळा खूण नसतेच. आवाज बसला का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, तेव्हा लघवी झाली का, हे विचारायचं आणि सरळ इस्पितळात पाठवायचं. इथे हा 2022 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. तू तिथे किती वर्षं यासाठी डोकं फोडते आहेस, म्हणून मुद्दाम लिहिलं. जळ.

पिशवीचंही ऐक. रेफ्यूजमध्ये, म्हणजे घर सोडलेल्या बायकांच्या आसऱ्याच्या घरात, जी तयार पिशवी मिळते त्यात बारीक दातांची फणी आणि केस कोरडे पाडणारा शाम्पू. दाट कुरळ्या केसांच्या वेण्या घातलेल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन बाई तिथे पोहोचते, दुसऱ्या दिवशी शाळा, आणि त्या फणीने काही होत नाही. नवख्यांना हे लाड वाटतात. पण ‘पोरीचे केस बघ, सांभाळता येत नाहीत’ असं शाळेतून कुणी लिहिलं की ते पुढे बालसंगोपनाच्या फाइलीत जातं. म्हणून आमच्या पिशवीत रुंद दातांचा कंगवा, सॅटिनची टोपी, अर्धा लिटर कंडिशनर, शिया बटरची डबी. शिवाय पॅड, अंतर्वस्त्रांचे दोन जोड, जुना साधा फोन, नवं सिम, चार्जर आणि वीस पौंड रोख. रोखच. कार्ड वापरलं की बँकेच्या ॲपवर दुकानाचं नाव येतं.

सर्वात जास्त गोंधळ सध्या व्हिसाचा. राहण्याच्या परवान्याचं प्लास्टिकचं कार्ड गेलं, सगळं ऑनलाइन झालं, आणि खातं उघडून दिलेलं असतं नवऱ्याने. लॉग-इनचा कोड त्याच्याच फोनवर जातो. घर सोडण्याआधी तिचा पासपोर्ट क्रमांक आणि खात्याचा ईमेल एवढं तरी आमच्याकडे लिहिलेलं हवं. आपल्याकडून नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मुलींसाठी लक्षात ठेव, तुझ्याकडे त्यांच्या आया येतील: 2024 पासून त्यांनाही तीन महिन्यांची सवलत मागता येते, त्या काळात सरकारी मदत मिळते. मात्र त्यातून कायम राहायचा रस्ता निघत नाही, तेव्हा अर्ज करण्याआधी वकील. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स 1979 पासून आशियाई बायकांचं हेच काम करताहेत, त्यांचं नाव सांग.

हं, फोन.

नियम सोपे आहेत. पहिला प्रश्न ‘काय झालं’ नाही. पहिला प्रश्न ‘आत्ता बोलता येईल का’. दुसरा, लाइन तुटली तर मी फोन करू का, आणि दुसऱ्याने उचलला तर मी कोण. बहुतेक जणी सांगतात, केस विंचरायची वेळ ठरवणारी. आपण कधी मेसेज करायचा नाही, आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा नाही. एका वेळी दोघी बसायचं, एक बोलणार, दुसरी लिहिणार आणि गरज पडली तर दुसऱ्या फोनवरून रेफ्यूजमध्ये जागा शोधणार. मोबाइलवरून 999 (इथला पोलिसांचा नंबर) लावून बोलता येत नसेल तर 55 दाबायचं, हे प्रत्येकीला सांगायचं, आणि तेवढ्याने पोलिसांना ठिकाण कळत नाही हेही सांगायचं. लोक दुसरं विसरतात.

पण पोलीस म्हटलं की पलीकडे शांतता होते. बाईला नवऱ्यापासून सुटका हवी असते, पण दारात आलेले पोलीस त्याचं किंवा सोळा वर्षांच्या मुलाचं काय करतील याची धास्ती त्याहून मोठी असते. ती मोठ्याने बोलली तर तीच हल्लेखोर ठरते. धोका मोजायचे 24 प्रश्न असतात, 14 ‘हो’ आले की प्रकरण सगळ्या खात्यांच्या बैठकीत जातं. त्यात ‘भीती वाटते का’ म्हणून विचारतात. जन्मभर ‘मी कुणाला भीत नाही’ या जोरावर उभी असलेली बाई काय उत्तर देईल? आमच्या बायका तो प्रश्न फिरवून विचारतात: रात्री दाराला काय लावून झोपतेस? मग कळतं, खुर्ची लावते.

हे ऐकायला कान लागतो तो त्यांचा. माझा नाही. म्हणून मी टोलवते आहे.

आता आंटींचं म्हणणं ऐक. गटातल्या निम्म्या बायका दोन-तीन चर्चमध्ये विभागलेल्या आहेत. फोन करणारीही त्यातलीच. पलीकडून ‘हॅलो’ ऐकून आवाज ओळखला की फोन खाली. गेल्या महिन्यात असं वारंवार झालं. त्या म्हणतात, काहींना आपली बाई हवी असते आणि काहींना आपलीच बाई नको असते, दोघींसाठी कोणीतरी बसलेलं पाहिजे.

ओळखीचं वाटतंय? लक्ष्मीनगरच्या जिन्यावर आपण हेच भांडलो होतो. तू म्हणत होतीस की वस्तीतल्या बाईजवळ वस्तीतलीच हवी, माझ्या आडनावासमोर कोण खरं बोलेल. मी म्हणत होते की शेजारणीसमोर तरी कोण बोलेल. मग तू तीन आठवडे अबोला धरलास आणि माझा डबा खात राहिलीस. गंमत म्हणजे आज मी तुझी बाजू घेऊन आंटींशी भांडते आणि त्या माझी जुनी वाक्यं मला ऐकवतात.

मला वाटतं मी दुसऱ्या खुर्चीवर बसावं. लिहिणारी, जागा शोधणारी. पलीकडच्या बाईने ओळखीचा आवाज म्हणून दचकून विचारलं, तरच फोन माझ्याकडे. आंटींना हे अर्धवट वाटतं, कारण दचकलेली बाई विचारत नाही, ठेवून देते. ते खरंच आहे. त्यावर एक उपाय सुचतो, की आधी नाव न सांगता ‘आज आम्ही दोघी आहोत, एक इथली, एक बाहेरची, कोणाशी बोलाल?’ असं विचारायचं. पण ज्या बाईकडे चाळीस सेकंद असतात तिला निवड करायला लावायची का? तुमच्या केंद्रात आता हे कसं करता? पोलीस स्टेशनातल्या त्या टेबलावर कोण आधी बोलतं, आणि बाईने दुसरी मागितली तर पहिलीने उठायचं कसं, हे नीट लिही. तत्त्वज्ञान नको, कृती सांग.

चिन्मयीला प्रवेश मिळाला हे कळलं, अभिनंदन. घराच्या दुरुस्तीचा ठेकेदार पळाला म्हणे, बरं झालं, तो पहिल्यापासून चोर दिसत होता. काकांची मोतीबिंदूची तारीख कळव.

गुरुवारच्या आत फोन कर. तुझ्याकडचे रात्रीचे दहा वाजायच्या आत. नंतर तू झोपेत सगळ्याला हो म्हणतेस.

तुझी,
वैजू