बसऱ्याला गेलेले काका आणि पॉइंट कुकचे मेकॅनिक

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की इकडे ऑस्ट्रेलियात 25 एप्रिलची अँझॅक डेची सुट्टी कशाची, मी गॅलिपोली म्हटलं, तर तुम्ही म्हणालात "हरलेल्या लढाईची सुट्टी देतात होय?" आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. फोनवर हे धड सांगून होणार नाही आणि तुमच्याकडून एक कामही करून घ्यायचंय, म्हणून लिहायला बसले. आई, तू वाचून दाखव त्यांना, नाहीतर ते मध्येच पेपर उघडतात.

तर हो, हरलेलीच. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या 25 एप्रिलला पहाटे हे लोक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, समोर सरळसोट कडे, आठ महिने तिथेच खंदकात चिकटून बसले, आठ हजारांवर ऑस्ट्रेलियन मेले आणि डिसेंबरमध्ये रातोरात निघून आले. निघताना तुर्कांना कळू नये म्हणून एकाने भारी डोकं लढवलं होतं, वरच्या डब्यातून पाणी थेंब थेंब खालच्या डब्यात पडायचं आणि खालचा जड झाला की ट्रिगर ओढला जाऊन रिकाम्या खंदकातून बार उडायचा. आपले लोकही होते तिथे, पहाडी तोफखाना, खेचरवाले, शीख, गुरखे. पण मला सांगायचीय ती गोष्ट गॅलिपोलीची नाही, आमच्या घराजवळची आहे.

आमचं मेलबर्नजवळचं पॉइंट कुक म्हणजे तुम्ही बघितलंयच, अर्धं आपल्याच लोकांनी भरलेलं, गणपतीत ढोल वाजतात, कोपऱ्यावरच्या दुकानात कोकम मिळतं. इथेच हवाई दलाचा जुना तळ आहे आणि तिथे म्युझियम आहे, आम्ही एवढी वर्षं त्याच्या बाजूने जातोय आणि कधी आत गेलो नव्हतो. यंदा पोराला विमानांचं वेड लागलंय म्हणून नेलं. कळलं की ऑस्ट्रेलियाचं लष्करी विमान चालवायचं शिक्षण सुरूच मुळी इथे झालं. 1914 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे युद्ध पेटलं त्याच महिन्यात, पहिली बॅच बसली, विद्यार्थी किती तर चार! त्यातला एक टॉमस व्हाइट आणि एक जॉर्ज मर्झ, हा मर्झ शिकलेला डॉक्टर होता.

1915 च्या सुरुवातीला हिंदुस्तान सरकारने ऑस्ट्रेलियाकडे मेसोपोटेमियासाठी, म्हणजे आजच्या इराकसाठी, पायलट मागितले. बाबा, लक्षात घ्या, लंडनने नाही, आपल्याकडच्या ब्रिटिश सरकारने मागितले, कारण ती आघाडी आपल्याकडूनच चालवली जात होती, माणसंही बहुतेक आपलीच. यांच्याकडे द्यायला होतं काय तर चार पायलट आणि मेकॅनिक वगैरे मिळून चाळीसेक माणसं, म्हणून त्या तुकडीला 'हाफ फ्लाइट', म्हणजे अर्धी हवाई तुकडी, म्हणतात. ही मंडळी मेलबर्नहून बोटीने मुंबईला आली आणि तिथून बसऱ्याला गेली. बसरा म्हटल्यावर मी तिथेच थबकले. आजोबा त्यांच्या चुलत्यांबद्दल एवढंच सांगायचे ना, "बसऱ्याला गेला तो गेलाच".

विमानं हिंदुस्तान सरकारने दिलेली, जुनी, लाकूड-कापड-तारांचा सांगाडा, वेग ताशी 80 किलोमीटर आणि तिकडचा शमाल वारा त्याहून जोरात वाहतो, त्यामुळे कधी कधी विमान तोंड पुढे करून मागे मागेच जायचं. पोरगा यावर जो हसत सुटला तो घरी येईपर्यंत. पण हसण्यासारखं तेवढंच. जुलैत मर्झचं विमान बिघडून वाळवंटात उतरलं, तिथल्या टोळ्यांनी त्याला आणि सोबतच्या न्यूझीलंडच्या पायलटला मारलं, शरीरंही मिळाली नाहीत. युद्धात मेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला लष्करी वैमानिक तो. नोव्हेंबरमध्ये व्हाइट बगदादजवळ टेलिग्राफच्या तारा तोडायला उतरला, विमान खांबालाच धडकलं आणि पकडला गेला.

आता पुढचं नीट वाच आई. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली जी सहावी पुणे डिव्हिजन बगदादकडे निघाली होती ती तुर्कांकडून मार खाऊन मागे फिरली आणि टायग्रिस नदीच्या वळणावर कूत नावाच्या गावात अडकली. तिच्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. म्हणजे आपल्याच भागातली पोरं, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर. आणि त्यांच्यासोबत आत अडकले हाफ फ्लाइटचे नऊ ऑस्ट्रेलियन मेकॅनिक. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिने वेढा. खायला शेवटी घोडे मारायला लागले तर आपले बहुतेक शिपाई ते मांस खाईनात, धर्म आहेच आणि गावी कळलं तर वाळीत टाकतील ही भीती, हिंदुस्तानातून धर्मगुरूंची परवानगी आणवली तरी बरेच दिवस कोणी हात लावला नाही. मी इथे एसीत बसून काय बोलणार, पण पावाचा घासभर तुकडा मोजून खायचा आणि रात्री पहारा करायचा, स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या, विचार करवत नाही. बाहेरून विमानांनी पिठाची पोती टाकली, कित्येक नदीत नाहीतर तुर्कांकडे पडली. दळायची सोय हवी म्हणून जात्याचा दगडसुद्धा पॅराशूटने टाकला होता! आजीच्या घरी पडवीत होतं तसलं जातं आभाळातून खाली येतंय, हे काही केल्या डोक्यातून जात नाही माझ्या.

अजून एक. 25 एप्रिल 1916 ला पहिला अँझॅक डे झाला, इकडे मिरवणुका, भाषणं सगळं. त्याच दिवशी ते नऊजण कूतमध्ये उपाशी होते आणि चार दिवसांनी सगळ्यांनी शरणागती पत्करली, जवळपास तेरा हजार माणसं. टाउनशेंडसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, बूट फाटलेले, पाणी नाही, जो खाली बसला तो तिथेच राहिला. आपल्यातल्या पुष्कळांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं, गोऱ्यांना टॉरस डोंगरातल्या बोगद्यांवर. नऊ मेकॅनिकपैकी घरी परत आले फक्त दोघे.

व्हाइट मात्र 1918 मध्ये इस्तंबूलहून निसटला, एका जहाजात लपून ओडेसाला पोचला. पुढे त्याचं लग्न झालं व्हेरा डीकिनशी, माजी पंतप्रधानांची मुलगी. ही बाई युद्धात रेडक्रॉसचं एक ऑफिस चालवायची, काम एकच, बेपत्ता शिपायाचं काय झालं ते शोधून त्याच्या घरी कळवायचं, त्यासाठी हॉस्पिटलातल्या जखमींना गाठून गाठून विचारायचे की तू याला शेवटचा कुठे पाहिलास. मला वाटतं गॅलिपोलीपेक्षा या बाईचा दिवस साजरा करावा.

आणि बाबा, इथल्या कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये ब्राँझच्या पाट्यांवर युद्धांत मेलेल्या एक लाखाहून जास्त जणांची नावं आहेत, हुद्दा न लिहिता, कर्नल असो की आचारी, आणि लोक नावाशेजारच्या फटीत लाल पॉपीचं फूल खोचून जातात. पहिल्या महायुद्धातल्या प्रत्येक ऑस्ट्रेलियन शिपायाची फाइल नेटवर फुकट बघता येते, त्यात आयांनी सरकारला लिहिलेली पत्रंसुद्धा असतात. (स्वतःच्याच देशातल्या आदिवासी शिपायांशी मात्र हे लोक वाईटच वागले, लढून आले तर जमिनी वाटताना त्यांना बहुतेक वगळलं, तेही इथे आता उघड लिहिलेलं असतं.)

आपल्या लोकांचं काय, तर बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर मेलेल्यांची नोंद आहे, त्यात अधिकाऱ्यांची नावं कोरलीत आणि हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. अमुक पलटण, इतके मेले. गावाच्या चावडीजवळची ती शिळा आठवा, त्यावरही तेच ना, या गावातून इतके गेले, इतके वारले. 2021 मध्ये या स्मारकांचं काम बघणाऱ्या कमिशनने जाहीर माफी मागितली याबद्दल. बरं केलं, पण शंभर वर्षांनी मागितली. मला राग आला खरं सांगायचं तर, म्युझियममधून बाहेर येऊन गाडीत नुसती बसून राहिले, पोरगा विचारतोय आई स्टार्ट कर ना.

तर आता काम. आजोबांचे ते काका कूतमध्येच होते की दुसऱ्या कुठल्या पलटणीत हे मला माहीत नाही आणि उगाच तसं गृहीतही धरायचं नाहीये. पण आजोबा म्हणायचे ना की त्यांच्या काकीला पेन्शन यायची, पोस्टमन अंगठा घेऊन जायचा. म्हणजे कुठेतरी पलटणीचा नंबर लिहिलेला असणार, पेन्शनच्या कागदावर नाहीतर मनीऑर्डरच्या पावतीवर. गावच्या घरातली ती पत्र्याची ट्रंक दादाकाकांनी माळ्यावर टाकलीय. बाबा, त्यांच्याशी जमिनीवरून तुमचं बोलणं बंद आहे ते मला माहितीय, पण एवढ्यासाठी फोन करा. नाहीच जमलं तर आई तू काकूला लाव, तुमचं दोघींचं चालू असतं ते आम्हाला सगळ्यांना कळतं.

कागद मिळाले की सगळ्यांचे फोटो काढून पाठवा, मागच्या बाजूचे पण, आणि शिळेचाही एक, सकाळच्या उन्हात काढा म्हणजे अक्षरं उठून दिसतील. नंबर हाती आला की मी बेळगावच्या मराठा रेजिमेंटला आणि त्या कमिशनला मेल टाकते, त्यांच्या रजिस्टरमध्ये शिपायांची नावं शोधता येतात.

आई, गुडघ्याला तेल लावतेयस का? बाबांची बीपीची गोळी संपत आली असेल, आत्ताच मागवून ठेव.

तुमची,
ताई