येवल्यात पैठणी घेताना पदर उलटून पाहा

महोदय,
सिंहस्थाच्या तयारीत नाशिक-त्र्यंबकच्या घाटांची आणि रस्त्यांची चर्चा रोज होते. येवल्याचे नाव त्यात क्वचितच येते. नाशिक-छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड-शिर्डी हे दोन्ही रस्ते येथे मिळतात, त्यामुळे शिर्डीला निघालेली गाडी पैठणीसाठी थांबतेच. पण हातमागाची पैठणी कोणती आणि तीच नक्षी यंत्रमागावर काढलेली साडी कोणती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यात मार खातो विणकर.

ओळख पदरात आहे. हातमागावर मोर किंवा आसावली (फुलवेल) विणताना प्रत्येक रंगाची कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली नळी, वेगळी असते. विणकर ती ताण्याच्या (उभ्या) मोजक्याच धाग्यांतून नेतो, शेजारच्या रंगात किंवा जरीत अडकवतो आणि मागे वळवतो. म्हणून पदर उलटला तरी मोर तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागाच्या साडीत नक्षीचा धागा मागून लोंबकळतो किंवा कापलेला असतो. बोट फिरवले की टोके हाताला लागतात. काठासाठी कडियल पद्धतीत आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा. अंग व काठाचे धागे जोडावर एकमेकांत गुंततात, त्यामुळे काठाचा रंग अंगात उतरत नाही.

अशा भरगच्च साडीला महिने लागतात. रेशीम येते बंगळुरूकडून, जर सुरतेहून. पावसाळ्यात जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेल्या खड्डामागाला ओल धरली की कामही मंदावते. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण लेबलवर ‘सिल्क मार्क’ पाहून लोक निर्धास्त होतात. ती खूण रेशीम अस्सल असल्याची आहे, हातमागाची नव्हे! त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ पाहावा लागतो. म्हणून दुकानदारांनी प्रत्येक साडीच्या लेबलवर आणि बिलावर ‘हातमाग’ की ‘यंत्रमाग’ हे स्पष्ट लिहावे.

माग पाहायला लोकांना आवडते. मात्र विणकराची मजुरी साडीवर ठरते. माग थांबला की त्याचे नुकसान. पर्यटन विभागाने पाहणीची ठरावीक वेळ ठेवून त्या वेळेची मजुरी विणकराला द्यावी. सिंहस्थाच्या नकाशात येवल्याबरोबर याच तालुक्यातील अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले व तेथील जैन लेणीही दाखवावीत. सकाळी किल्ला आणि दुपारी माग, असा एक दिवस सहज जमतो.

– एक वाचक, येवला, जि. नाशिक