टेंबलाई आणि वंडर वुमनच्या वैरिणी

सांगली,
रविवार

प्रिय नंदे,

तुझं पाकीट मिळालं. चीताची चित्रं टेबलावर मांडूनच लिहायला बसलेय. तू विचारलंस, हिचं वंडर वुमनशी मुळात वैर का, ते आपण नव्यानं ठरवूया का? ठरवूयाच. हा प्रश्न माझ्या डोक्यात आपल्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्यापासून घोळतोय, त्यामुळे पत्र लांबणार.

आधी जुनं काय आहे ते सांगते, म्हणजे आपण काय मोडतोय ते दोघींना ठाऊक राहील. वंडर वुमन अमेरिकन कॉमिक्समध्ये १९४१ साली आली. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन, पेशानं मानसशास्त्रज्ञ; चित्रं एच. जी. पीटरची. चीता १९४३ साली आली. तेव्हा ती प्रिसिला रिच होती, बड्या घरची, चारचौघांत मिरवणारी. एका धर्मादाय कार्यक्रमात सगळ्यांच्या नजरा वंडर वुमनकडे वळतात आणि ही जळते. घरी येऊन आरशात बघते तर आत चीता उभी. मग चित्त्याच्या कातड्याचा गालिचा फाडून ती पोशाख शिवते आणि बाहेर पडते. झाली खलनायिका.

आमच्या नाटकात चीता करणारी मुलगी नववीतली आहे. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. परवा तिनं वही मिटली आणि म्हणाली, "बाई, हिला मत्सर हाय, कळलं. पर मत्सराच्या आदी काय झालंय?" मी म्हटलं, तुला काय वाटतं ते बोलू नकोस, करून दाखव. ती नायिकेकडे सरळ पाठ करून उभी राहिली. हात घट्ट बांधलेले, हनुवटी वर, आणि मान एवढीशीच वळलेली, मागून कुणी येतंय का हे कळण्यापुरती. मला टेंबलाई आठवली.

तू कोल्हापूरला फारशी गेली नाहीस, म्हणून आख्यायिका सविस्तर सांगते. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. त्याचा मुलगा कामाक्ष सूड घ्यायला आला. त्यानं योगदंडाच्या जोरावर देवांना, खुद्द अंबाबाईला, शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्यातून सोडवलं ते त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं. तिनं युक्तीनं दंड मिळवला, कामाक्षाला संपवलं, सगळ्यांना मूळ रूप दिलं. पुढे विजयाचा सोहळा झाला आणि त्यात तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, शहराबाहेरच्या टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. अंबाबाईला चूक कळल्यावर ती लवाजमा घेऊन टेकडीवर गेली. आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या भेटीला जाते, तिथं कोहळा फोडतात आणि त्याची फोड मिळावी म्हणून लोकांची झुंबड उडते.

नंदे, नीट बघ. प्रिसिलाच्या गोष्टीतही समारंभ आहे आणि टेंबलाईच्याही. पण एकीचा राग ऐकून माणूस नाक मुरडतो आणि दुसरीचा राग ऐकून म्हणतो, बरोबर आहे बाईचं. टेंबलाईचं काहीतरी येणं बाकी आहे, एवढाच फरक. मला आपल्या चीतासाठी हे येणं हवंय. वैर कितीही मोठं लिहिलं तरी त्याच्या मुळाशी नायिकेनं थकवलेलं काही नसेल, तर पोरगी रंगमंचावर नुसती ओरडेल.

कॉमिक्सवाल्यांनाही हे हळूहळू उमगलेलं दिसतं. १९८७ मध्ये जॉर्ज पेरेझनं चीता नव्यानं रचली. बार्बरा अ‍ॅन मिनर्व्हा, इंग्रज पुरातत्त्वज्ञ. उर्झकार्टागा नावाच्या वनस्पतिदेवाकडून तिला शक्ती मिळते आणि शापही. ही खऱ्या अर्थानं श्वापद होते, माणसाच्या मांसाची भूक लागणारी. पण तिथंही तिला डायनाचा (वंडर वुमनचं हे खरं नाव) जादूचा दोर हवा असतो, म्हणजे पुन्हा हावच. मला पटलं ते २०१६ मधलं ग्रेग रकाचं रूप. त्यात मिनर्व्हा डायनाची मैत्रीण आहे. बेटावरून आलेल्या डायनाची भाषा कुणालाच कळत नसते, तेव्हा हिच्याच विद्येमुळे ती जगाशी बोलू लागते. पुढे मिनर्व्हा मोहिमेवर जाते. संकटात तिनं इशारा द्यायचा आणि डायनानं धावून यायचं, असं ठरलेलं असतं. तो इशारा डायनापर्यंत पोचत नाही. ती येते तेव्हा सगळं घडून गेलेलं असतं.

इशारा अडवण्यामागे असते आणखी एक खलनायिका, व्हेरोनिका केल, आणि तिचीही एक कथा आहे. ग्रीक युद्धदेव आरेसचे मुलगे फोबोस आणि डायमोस तिच्या लेकीला ओलीस धरून तिला अ‍ॅमेझॉनांच्या, म्हणजे डायनाच्या जमातीतल्या योद्ध्या बायकांच्या, बेटाचा पत्ता शोधायला लावतात. पुढे माणसात परतलेल्या मिनर्व्हाला हीच केल पुन्हा चीता व्हायला भाग पाडते. दोघींचा डायनावर राग, पण खरी जखम एकमेकींनी दिलेली. यावरून मी ठरवलं की आपल्या खलनायिकांनी आधी आपसात भांडायचं.

तर आपली गोष्ट अशी. प्रिसिला आणि मिनर्व्हा दोघी एकाच वेळी, एकाच शहरात. मोहिमेचा पैसा प्रिसिलाचा, विद्या मिनर्व्हाची. डायनाच्या सत्काराचा समारंभ प्रिसिलाच्या बंगल्यावर. तिथं डायनाला बोलतं करणाऱ्या मिनर्व्हाला आमंत्रण नाही, आणि ते नाही हे डायनाच्या लक्षातही येत नाही. त्या एका रात्री दोन बायका दुखावतात. एकीनं घर सजवलं आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. दुसरीला दारच उघडलं नाही.

मग दोघी त्या वनस्पतिदेवाच्या शोधात निघतात. शक्ती एकाच देहात मावणारी. प्रिसिला म्हणते, पैसे मी मोजलेत. मिनर्व्हा म्हणते, शिलालेख मी वाचलेत. शक्ती मिनर्व्हाला मिळते आणि पहिल्या भुकेतच तिला कळतं की आपण काय गमावलंय. प्रिसिलाच्या वाट्याला गालिचा आणि आरसा उरतो. ती कातडं पांघरून फिरते, आणि मिनर्व्हाला स्वतःचं कातडं उतरवता येत नाही. एक द्यायला तयार, दुसरी घ्यायला टपलेली, तरी दोघी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, कारण हे मागायचं कसं ते दोघींनाही जमत नाही. ही शक्ती हिरावता येते, याला मूळ कथेतही आधार आहे: २००१ मध्ये सेबॅस्टियन बॅलेस्टेरोस नावाच्या उद्योजकानं ती मिनर्व्हाकडून घेतली होती. तो आपल्याला नको, युक्ती तेवढी हवी.

ग्रीक पुराणातली जादूगारीण सर्सी मात्र हवीच. होमरच्या काव्यात ती ओडिसियसच्या माणसांना डुकरं करते, पण त्यांचं मन माणसाचंच राहतं. परत माणसं होतात तेव्हा ती आधीपेक्षा तरुण, देखणी होतात आणि रडतात. पुढे हीच बाई त्यांना वर्षभर पाहुणचार करते आणि जायची वाटही सांगते. आपली मिनर्व्हा तिच्याकडे जाते: मला माणूस कर. सर्सी देह बदलू शकते, पण मिनर्व्हाची भूक मनात शिरलेली. तिथं तिची विद्या थांबते. ज्या बाईनं आपल्या विद्येची शीव दाखवून दिली, ती सर्सीला कशी सोसेल? त्या दोघींचं वैर इथून सुरू होतं. आणि कामाक्षाच्या योगदंडाला सर्सीची काठी किती जवळची आहे, ते तुला सांगायला नकोच.

वंडर वुमनचा आणखी एक वैरी, डॉक्टर सायको, मी वगळलाय. बायकांचा द्वेष हीच त्याची सगळी ओळख, आणि या गोष्टीत त्याला करायला काही नाही.

आपण हे सांगलीत करतोय, हे मला फार मोलाचं वाटतं. १८४३ साली इथंच विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस तलवार परजत, आरोळ्या ठोकत यायचा. 'अलल डुर्र' म्हणून ती नाटकं ओळखली गेली. त्याला पूर्वकथा लागत नव्हती, पुराणं प्रेक्षकांना पाठ होती. आपल्या पोरींपुढे बसणाऱ्यांना चीताचं पुराण पाठ नाही. ते आपल्यालाच वीस मिनिटांत सांगायचंय, म्हणून एकही वाक्य फुकट घालवायचं नाही.

आता शेवट. मार्स्टननं रक्तदाब आणि खोटं बोलणं यांच्या संबंधावर संशोधन केलं होतं, हे तुला माहीत आहे. त्याच्या कथांत डायनाचा दोर हुकूम पाळायला लावायचा. खरं बोलायला लावणं पुढे ठळक झालं. दोरात बहुधा खलनायिका अडकते. आपल्याकडे मिनर्व्हा दोराचं टोक डायनाच्याच मनगटाला गुंडाळेल आणि विचारेल, "त्या रात्री मी तुला आठवले होते का?" डायनाला खरं सांगावं लागेल: "नाही." त्या उत्तरानंतर तालमीत मी मुलींना थांबायला सांगते, पुढचं वाक्य घाईनं घेऊ देत नाही.

यानंतर समेट दाखवायचा का, यावर मी पुष्कळ विचार केला. मार्स्टनकडे पाउला फॉन गुंथर होती, नाझींची हेर. तिच्या मुलीला नाझींनी ओलीस ठेवलेलं असतं, डायना तिला सोडवते आणि पाउला कायमची तिच्या बाजूला येते. ती कथा मला प्रिय आहे, पण इथं ती चालणार नाही. पाउलाची मुलगी परत मिळाली. मिनर्व्हाचं जे गेलंय ते डायना आणून देऊ शकत नाही. म्हणून आपली चीता मैत्रीण होणार नाही. डायना दरवर्षी त्याच दिवशी टेकडी चढून तिच्याकडे जाईल. कधी दोघी बोलतील, कधी चीता तिला रक्तबंबाळ करून परत पाठवेल, आणि पुढच्या वर्षी डायना पुन्हा निघेल. नाटक तिसऱ्या वर्षाच्या चढणीवर थांबतं.

तुझ्या चित्रांबद्दल दोन गोष्टी. प्रिसिलाच्या अंगावरचं कातडं गालिच्याचंच दिसू दे, कडेची शिवण आणि झालर सकट. आणि मिनर्व्हाच्या मुखवट्यात तोंड मोकळं ठेव. त्या पोरीचा आवाज दबला तर आपलं नाटक पडलं म्हणून समज. पडद्यासाठी टेकडी मोठ्या कागदावर काढून पाठव, रंग इथं मुलीच भरतील. प्रयोगाला तू ये. राहायला माझ्याकडेच.

तुझी,
विजी