आपला डबा बंद पडला रे

पश्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो आणि दिवाळी पण होऊन गेली, चुकलंच माझं. घरी सगळे बरे, बाबांची शुगर आटोक्यात आहे. पण हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील दुकानात दे आणि मोकळा हो. आपला डबा, म्हणजे आपण जोडलेला तो कॉम्प्युटर, बंद पडलाय. लॅमिंग्टन रोडला दिवसभर फिरून पार्ट गोळा केले, तू केबल टायवरून दुकानदाराशी वीस मिनिटं भांडलास आणि रात्री तुमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत बसून जोडला, तोच.

सईला ॲनिमेशनचं वेड लागलंय, दहा सेकंदांची क्लिप तयार करायला रेंडर रात्रभर चालतं, म्हणून जुना रायझन 2600 प्रोसेसर काढून 5600 टाकायचं ठरवलं. प्रोसेसर बसतो ते सॉकेट दोघांचं तेच, एएम4, मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. प्रोसेसरवरच्या कूलरचे स्क्रू काढले, वर ओढला, तर सॉकेटचा लीव्हर बंद असताना अख्खा प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. दोघांच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली. आधी दहा मिनिटं मशीन चालव, पेस्ट गरम होऊ दे आणि मग कूलर हळूहळू फिरवत सोडव, हे तू मला किती वेळा सांगितलं असशील रे! 1331 पिना, त्यातल्या कोपऱ्यातल्या दोन वाकल्या. तेव्हा वाटलं जाऊदे, हा आता लागतोय कुठे.

नवा बसवला, बटण दाबलं, सगळे पंखे फिरले, लाइटी लागल्या आणि मॉनिटरवर नो सिग्नल. मग काय, रॅम काढून खोडरबरने घासल्या, एकच रॅम ठेवून बघितली, ग्राफिक कार्ड परत दाबून बसवलं, प्रोसेसरची 8 पिनची वायर तपासली, सेल काढून बायोस, म्हणजे बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, रिसेट केला. तीन रात्री हेच. आई म्हणाली नारळ ओवाळून टाक, मी तेही करणार होतो!

शेवटी मदरबोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये, कोणता प्रोसेसर चालतो त्या यादीत, सापडलं. आपला बी450 बोर्ड 2018 चा, बायोस दुकानातून आला तोच, त्याला 5600 नावाचा प्राणी माहीतच नाही. आणि मला आठवलं, 2020 च्या मे महिन्यात रायझन बनवणारी एएमडी आधी म्हणाली की आपल्यासारख्या 400 सिरीजच्या बोर्डांवर पुढचे प्रोसेसर चालणार नाहीत, लोकांनी ओरडा केल्यावर निर्णय फिरवला, तेव्हा तू रात्री बारा वाजता फोन करून सांगितलं होतंस की आपला बोर्ड वाचला, फक्त बायोस अपडेट करून ठेव. मी हो म्हणालो आणि झोपलो.

त्यावरून बोर्ड घेतानाचं ते आपलं भांडण आठवलं. तू म्हणत होतास फ्लॅशबॅक बटणवाला बोर्ड घे, प्रोसेसर नसला तरी पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतो, आणि मी दीड हजार वाचवायला साधा घेतला, वर तुला उधळ्या म्हणालो. तू दोन आठवडे बोलला नव्हतास. तुझं बरोबर होतं, पश्या. हे मला फोनवर नीट बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय.

कारण आता बायोस टाकायचा तर जुनाच प्रोसेसर लागणार, तोच वाकलेल्या पिनांचा. सईच्या कंपासमधली लीड घालायची खटक्याची पेन्सिल घेतली, लीड काढून टाकली, तिचं पुढचं पोकळ टोक पिनेवर बसवून केसभर, मग अजून केसभर सरळ करत गेलो. तासभर घरात कोणी पंखासुद्धा लावला नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून ठेवला आणि तो आपोआप सॉकेटमध्ये उतरला, जोर लावावा लागला नाही. बटण दाबलं. आला रे डिस्प्ले! सई नाचली, मी तिथेच खाली बसलो.

हे पत्र त्याच्यावरच टाइप करतोय. बायोसची फाइल पेनड्राइव्हवर तयार आहे, मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागणार आहे, म्हणजे दोनदा जीव मुठीत. अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड मेला, आणि आमच्या यूपीएसची बॅटरी दोन मिनिटं पण टिकत नाही. शेजारच्यांचा इन्व्हर्टर मागितलाय.

तुझ्या नवीन नोकरीचं वहिनींच्या स्टेटसवर कळलं, अभिनंदन. काकूंचा गुडघा कसा आहे आता? सविस्तर सांग.

रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल कर. तू समोर असल्याशिवाय मी एंटर दाबणार नाही.

तुझाच,
बाळ्या