ओलीचं घर सोडायचं ठरलंय

तीर्थरूप आई आणि अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर अण्णांनी "बघू" म्हणत फोन आईकडे दिला असता, आणि आई, तू रडली असतीस. म्हणून लिहितेय. हे तळघर सोडून आपल्याच गल्लीत पहिल्या मजल्यावरचं घर ठरवलंय मी. अ‍ॅडव्हान्सही देऊन आले. रागवा, पण आधी पुढचं वाचा.

मागच्या खेपेला रात्रभर अण्णांचा खोकला ऐकत पडले होते. सकाळी आईनं ट्रंक उघडली तर शालूवर काळी बुरशी. चूक माझीच. दिवाळीत हट्टानं तो वॉटरप्रूफ रंग मीच लावून घेतला. अण्णा सांगत होते, ओल आतून येतीय, रंगानं काय होतंय! तळघराच्या भिंतीमागं आपली काळी माती, पाऊस पिऊन महिनोन्‌महिने बसणारी. विटा तिचं पाणी वर ओढतात. वरून रंगानं वाट अडवली, म्हणून पोपडे आले, लोणा फुटला. भिंतीला प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवलं होतं, आठवतं? घाम भिंतीकडच्या बाजूनं आला. म्हणजे खोलीतली वाफ नव्हे, मातीतलंच पाणी. बाहेरून खणून भिंत बंद केल्याशिवाय ते थांबायचं नाही, आणि मालक खणणार नाही.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आई भांड्यांचं पाणी तुळशीला घालायची. त्याच लातुरात आता तुम्ही न्हाणीतून उलटं आलेलं पाणी मगानं उपसायलात.

अण्णा, वर जायचं म्हटलं की तुमचं त्र्याण्णवच्या भूकंपाचं सुरू होतं, माहितीय. पण किल्लारीत माणसं गेली ती दगडमातीच्या जड भिंती अन् माळवदाखाली. मामांचं... जाऊ दे, ते लिहायला नको होतं. सोळाच पायऱ्या आहेत, मोजल्यात. दोन्ही अंगांना कठडा लावून घेतेय. गॅलरीत सकाळचं ऊन येतं; तुमची खुर्ची तिथंच, आईची तुळसही. महालक्ष्म्या यंदा कोरड्या भिंतीपुढं बसतील.

शाळेतून भिजून आले की अण्णा माझे पाय धोतरानं पुसायचे. बोटांच्या मधलंसुद्धा. "ओल राहू द्यायची नाही," म्हणायचे.

घर बदलेपर्यंत एवढं ऐका. पलंग भिंतीपासून हातभर लांब. ज्वारीची कोठी विटांवर. ओले कपडे आत वाळत घालू नका. उबेसाठी दार लावून कोळशाची शेगडी तर अजिबात नाही, धूर दिसला नाही तरी तिच्या विषारी वायूनं जीव जातो. न्हाणीत पाणी चढायला लागलं तर पाय ओले व्हायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. एकदा भिजलात की त्याला हात लावू नका, वरच्यांना हाक मारा. आणि आई, अण्णांना छातीच्या डॉक्टरांकडे ने. ते "बरंय" म्हणतील, ऐकू नकोस.

शनिवारी टेम्पो घेऊन येते. अण्णा, ट्रंकेला हात लावायचा नाही. मी उचलीन.

तुमची,
बेबी