पारसिकचा कल झाकण्याआधी मोजून ठेवा

महोदय,

पावसाळा सुरू झाला की मुंब्रा, कळवा, दिघा, तुर्भे या पट्ट्यात दरड कोसळल्याच्या बातम्या येऊ लागतात. ‘डोंगर ठिसूळ झाला आहे’ यापलीकडे त्यांत सहसा काही नसते. हा पारसिकचा डोंगर नुसता ठिसूळ नाही, त्याच्या खडकांचे थर एका बाजूला कललेले आहेत. हा कल ओळखणे, मोजणे आणि त्याला नाव देणे हा भारतातील भूरूपशास्त्राच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे. त्याचा पुरावा ठाणे ते पनवेल या टापूत उघड्यावर आहे. रस्ते रुंद करताना आणि इमारती उभ्या राहताना तो शॉटक्रीटखाली (दाबाने फवारलेल्या काँक्रीटखाली) व संरक्षक भिंतींमागे जात आहे, म्हणून हे पत्र.

दख्खनच्या भूरचनेचे पद्धतशीर वर्णन करणाऱ्या पहिल्या काही जणांत विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव येते. मुंबई सरकारच्या सांख्यिकी पाहणीचे काम त्यांच्याकडे होते आणि १८३० च्या दशकात त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. उंची पाऱ्याच्या बॅरोमीटरने काढावी लागे. साधारण साडेआठ मीटर चढले की हवेचा दाब एक मिलिबारने उतरतो, हा हिशेब सोपा आहे. अडचण अशी की आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीनेक मिलिबारने उतरलेला असतो. पायथ्याचे वाचन सकाळी आणि माथ्याचे दुपारी घेतले, तर डोंगर पंचवीस मीटरने जास्त उंच भरतो. दोन्हीकडे एकाच वेळी वाचन घेणे हाच त्यावर उपाय. दाबाच्या या रोजच्या भरती-ओहोटीवर साइक्स यांनी १८३५ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. मोजमापातली चूकच अभ्यासाचा विषय करण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली सुरू झाले, ते मुख्यतः कोळशासाठी. तरी त्यातल्या विन यांनी मुंबई बेटावर (१८६६) आणि ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम व मध्य भारतातील लाव्हाच्या थरांवर (१८६७) सविस्तर लिहिले. घाटावर जवळजवळ आडवे असणारे थर मुंबईजवळ पश्चिमेकडे उतरतात, ही गोष्ट त्या पिढीच्या कामातून पुढे आली. खडकांना पडलेल्या या बाकाला पनवेल फ्लेक्शर हे नाव मिळाले ते जे. बी. ऑडन यांच्या १९४९ च्या निबंधातून. (इंग्रज कवी ऑडन यांचे हे थोरले भाऊ. हयातीचा मोठा काळ त्यांनी भारतातल्या डोंगरांत काढला.) माथेरानचे थर पाहा, ते सपाट दिसतात. तिथून पनवेलच्या पश्चिमेला आलात की कल दहा अंशांवर, काही ठिकाणी वीस-पंचवीस अंशांपर्यंत जातो.

सह्याद्रीचा कडा कसा झाला, हा वाद याच्याशी जोडलेला आहे. कुणी तो जुना समुद्रकडा मानला, कुणी भ्रंशाचा, म्हणजे जमीन तुटून एक बाजू खाली सरकल्याने झालेला कडा. १९८५ मध्ये भूरूपशास्त्रज्ञ ऑलियर आणि पुणे विद्यापीठाचे के. बी. पोवार यांनी पश्चिम घाटाकडे झिजत झिजत मागे सरकलेला कडा म्हणून पाहिले. बाक नेमका कशाने पडला यावर मात्र अजून एकमत नाही. एकमत नसताना पुरावा झाकला जाणे हे नुकसान मोठे आहे.

आता मोजण्याविषयी. पारसिकची रांग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे आणि थर पश्चिमेला कलतात. त्यामुळे रांगेला समांतर जाणाऱ्या रस्त्यावरून डोंगराचा छेद पाहिला, तर थर आडवेच दिसतात! चांगले विद्यार्थी इथे फसतात. कल दिसतो तो पूर्व-पश्चिम छेदात. महापे-शिळफाटा रस्ता डोंगर ओलांडून जातो, त्यामुळे त्याच्या कडेचे छेद या कामाचे आहेत. छेद तिरपा असेल तर कल कमी भरतो: खरा कल पंधरा अंश असेल आणि छेद थराच्या आडव्या रेषेशी (ती कलाच्या दिशेला काटकोनात असते) तीस अंशांचा कोन करत असेल, तर डोळ्यांना साडेसात अंशच दिसतात.

दुसरी चूक म्हणजे कोणत्याही सपाट पृष्ठावर क्लिनोमीटर, म्हणजे कल मोजायचे साधन, टेकवणे. बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला इथला काळा खडक, थंड होताना पडलेल्या भेगाही सपाट असतात, पण त्या थराचा कल सांगत नाहीत. आधी दोन थरांमधली सीमा शोधावी. खालच्या थराचा माथा सच्छिद्र असतो, छिद्रांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेले असते. त्यावर अनेकदा विटकरी मातीचा पट्टा, म्हणजे रेड बोल, सापडतो. मोजमाप त्या पट्ट्याच्या दिशेने घ्यावे, तेही चार-पाच ठिकाणी. होकायंत्र खडकावर ठेवू नये. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, सुई भरकटते. हातभर लांब धरून दिशा घ्यावी. लोखंडी जाळी मारलेल्या भिंतीजवळ तर होकायंत्रावर विसंबूच नये.

हा पट्टा दरडींच्या दृष्टीनेही कळीचा आहे. पाणी वरच्या भेगाळलेल्या खडकातून झिरपते आणि या चिकणमातीवर अडते. पश्चिम उतारावर, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूला, थर उताराच्याच दिशेने कललेले आहेत. पायथा उभा कापला की वरच्या थराचा टेकू जातो आणि तो ओल्या पट्ट्यावरून घसरू शकतो. पूर्वेला मुंब्र्याच्या बाजूने थर डोंगराच्या आत कलतात. तिथे घसरण कमी, पण उभ्या कड्यातून सुटे दगड कोसळतात. दोन्हीकडे एकच उपाय चालणार नाही. शॉटक्रीटमध्ये पाणी निघायला ठेवलेले पाइप ठरावीक अंतरावर चौकटीत बसवतात. रेड बोल दोन पाइपांच्या मध्ये आला, तर पाणी आत साठते आणि अस्तर फुगून सुटते. पाइपांची एक ओळ त्या पट्ट्याच्या लगेच वर, त्याच्या कलाने घ्यायला हवी.

उपग्रह नकाशांवर हे भागत नाही. तीस मीटरच्या चौकटीत उंची देणाऱ्या नकाशात वीस मीटरचा रस्त्याचा छेद हरवतो, आणि रेड बोल अनेकदा मीटरभरही जाड नसतो.

ठाणे व नवी मुंबई महापालिका आणि सिडको यांना माझी विनंती आहे. छेद झाकण्याआधी त्याची मापपट्टीसह छायाचित्रे, सीमांची उंची, कल आणि त्याची दिशा नोंदवून ती नोंद खुली करावी. डोंगरालगतच्या बांधकाम परवानगीसोबत हा कल मागावा. आणि धोका नसलेला एखादा पूर्व-पश्चिम छेद कठडा घालून उघडा ठेवावा. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, त्यावरचे गवत काढले म्हणजे पुरे.

– भूगोलाचा एक अध्यापक, ऐरोली